झेल्डाची फॅन आर्ट: इनामगावचा रांजण आणि वेताळ टेकडीचं गवत

प्रश्न: ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'लेजेंड ऑफ झेल्डा' ही माझी सगळ्यात आवडती गेम मालिका. त्यातली 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' तीनदा खेळून झालीय आणि दोन वर्षं तिच्यावर फॅन आर्ट, म्हणजे चाहत्याची चित्रं, काढतोय. क्लासचे सर म्हणतात, ही नक्कल आहे, यात तुझं काय? मित्र म्हणतात, प्रिंट काढ आणि स्टॉलवर वीक. मला स्वतःला माझी चित्रं स्क्रीनशॉटसारखीच वाटतात, फक्त जरा वाईट. एक प्रिंट काढून पाहिली तर निळा रंग मेलेला आला. सोबत चार चित्रं पाठवतोय. काय चुकतंय?

उत्तर:

"स्क्रीनशॉटसारखीच, फक्त जरा वाईट" हे वाचून हसू आलं. माझ्या पहिल्या दहा-बारा फॅन आर्टबद्दल मलाही याहून नेमकं काही सांगता आलं नसतं. गेली बावीस वर्षं मी लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, घर त्यावर चालतं. फॅन आर्ट हा रविवारचा उद्योग. तेव्हा जे सांगतेय ते थोडं धंद्यातलं आणि बरंचसं रविवारचं आहे.

तुझी चारही चित्रं नीट पाहिली. हात चांगला आहे, मापं चुकत नाहीत. पण चारही चित्रांत गेमचा नायक लिंक कड्यावर पाठमोरा उभा आहे आणि समोर खोरं पसरलंय. म्हणजे गेमच्या डब्यावरचं चित्र तू चार वेळा काढलंयस. ते चित्र त्या लोकांनी काढून झालंय रे, आणि त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा माणसंही जास्त होती.

सरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नक्कल करायला माझी हरकत नाही. वही भरून कर, त्याशिवाय लिंकच्या केसांची बट कुठून वळते ते बोटांना कळणार नाही. पण ती वही घरात ठेवायची. लोकांपुढे ठेवायच्या चित्रात, गेम खेळताना तुझ्या मनात तुझ्या ओळखीचं काय जागं झालं, ते दिसायला हवं. हे हवेतलं वाटेल, म्हणून जरा त्या गेमवाल्यांच्याच स्वयंपाकघरात डोकावू.

पहिली झेल्डा आली १९८६ साली. तिचे जनक शिगेरू मियामोतो यांनी अनेकदा सांगितलंय की क्योतोजवळच्या सोनोबे गावात लहानपणी टेकड्या तुडवल्या, अंधाऱ्या गुहेत घुसले, तेच त्यांनी खेळात आणलं. गेममधलं तीन त्रिकोणांचं चिन्ह, ट्रायफोर्स, बघ आणि जपानच्या होजो घराण्याचं कुलचिन्ह बघ. तेही तीन त्रिकोण, त्याच मांडणीत. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' २०१७ ची. तिचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांना एवढ्या मोठ्या जगातली अंतरं ठरवायची होती, तेव्हा त्यांनी आपल्या ओळखीच्या क्योतो शहराचा नकाशा खेळाच्या नकाशावर ठेवला. पायाखालचं शहर. कोपऱ्यावरून घरापर्यंत किती वेळ लागतो हे ज्याला चालून माहीत आहे, असं.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे गार्डियन, गेममधलं अंगावर येणारं यंत्र. तो कोळ्यासारख्या पायांचा, एका डोळ्याचा, लाल किरण रोखून मागे लागणारा. पहिल्यांदा त्याच्यासमोर मेला नाहीस असं सांगू नकोस. त्याचं अंग, ती देवळं, ते मनोरे हे सगळं गेममधल्या शीका लोकांचं जुनं तंत्रज्ञान दिसायला परग्रहावरचं वाटतं, पण त्याचं मूळ आहे जोमोन काळातल्या मातीच्या भांड्यांत. हजारो वर्षांपूर्वी जपानात ओल्या मातीवर दोरी दाबून नक्षी उठवायचे. 'जोमोन' म्हणजेच दोरीची नक्षी. भविष्यातलं यंत्र काढायचं होतं तर ते लोक आपल्याच जमिनीतल्या मडक्यांकडे गेले.

हे कळलं त्या दिवशी मी स्वतःला विचारलं, आपल्या जमिनीत काय आहे? लांब जावं लागलं नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांची भांडी जोर्वे पद्धतीची. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं. लाल भांडं, त्यावर काळ्या रंगाने आडव्या-तिरक्या रेघा, आत जाळी भरलेले शंकरपाळे. आणि त्याच इनामगावात, एका पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांचा मातीचा रांजण सापडला. आत मांडी घालून बसवलेला माणूस. त्याला तसाच पुरला होता.

चार पायांचा रांजण, आत माणूस! माझा गार्डियन मला मिळाला होता.

आता तो काढताना काय झालं ते तपशिलात सांगते, कारण तुझा प्रश्न तिथेच सुटेल असं मला वाटतं. पहिल्या चित्रात मी आयता गार्डियन घेतला, त्याला लाल रंग दिला आणि गेममधल्या वळ्यांच्या जागी जोर्वेच्या रेघा बसवल्या. दिसायला कसं झालं? तुळशीबागेत रांगोळीचे स्टिकर मिळतात ना, तसं. नक्षी अंगावर चिकटवलेली दिसत होती, अंगातून आलेली वाटत नव्हती. मग येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात गेले, स्केचबुक घेऊन. फोटो काढून घरी आले असते तर काही कळलं नसतं. बसून रेखाटायला लागले तेव्हा लक्षात आलं की ही भांडी चाकावरची आहेत. कुंचला जागेवर धरून भांडं फिरवलं की आपोआप आडवा पट्टा येतो. आधी दोन पट्टे, मग त्या दोहोंच्या मध्ये हाताच्या झटक्याने तिरक्या रेघा. म्हणून रेघ सुरू होते तिथे जाड आणि सुटते तिथे बारीक. काही ठिकाणी रेघ पट्ट्याच्या बाहेर गेलीय. घाई झाली असेल, किंवा पोराने हाक मारली असेल.

घरी येऊन मी नक्षी बाजूला ठेवली आणि आधी गार्डियनचं अंग एखाद्या भांड्यासारखं रचलं. मधोमध उभा अक्ष, त्याला धरून लंबगोल, मग त्या लंबगोलांवरून पट्टे. पट्टे अंगाबरोबर वळायला लागले. तिरक्या रेघा त्या माणसासारख्याच मारल्या, मोजून नव्हे. पाय चारच ठेवले, जाडजूड, रांजणाचे. आणि मग चित्राने माझ्यापुढे एक अडचण टाकली: असले पाय धावू शकत नाहीत. गेममधला गार्डियन अंगावर धावून येतो, माझा तर बसलेला. अर्धा दिवस मी पाय लांब-बारीक करून पाहिले. मग कंटाळून आहे तसा बसू दिला. अंगण, शेणाने सारवलेलं, कोपऱ्यात चूल, आणि मधोमध तो बसलाय, डोळा मिटलेला. लिंक त्याच्यापुढे तलवार काढून उभा आहे आणि त्याला कळत नाहीये की मारायचं की नमस्कार करायचा.

गार्डियन शब्दाला आपल्याकडे जुना शब्द आहे, राखणदार. गेमच्या कथेतही ते दहा हजार वर्षांपूर्वी राखणीसाठीच बनवले होते, उलटले ते नंतर. हे मला खेळताना माहीत होतं, पण कळलं ते चित्र काढताना.

तू माझा इनामगाव घेऊ नकोस, तो माझा झाला. तुझा शोध. केळकर संग्रहालयात एक दुपार घालव. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. दिवे, दारं, अडकित्ते, वाद्यं, शस्त्रं. आपल्याकडची पोरं तिथे शाळेच्या सहलीत एकदा जातात आणि मग पाहुण्यांना दाखवायला. नुसते अडकित्ते बघ. सुपारी कातरायच्या हत्याराला कुणी पोपटाचा आकार दिलाय, कुणी घोड्याचा. गेममधल्या एखाद्या म्हाताऱ्या दुकानदाराच्या हातात असा एक अडकित्ता दिलास तर तो माणूस कुठला, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता गवत. तुझ्या चारही चित्रांत गवत हिरवं आहे, एकच हिरवं, वरून पिवळ्या रेघा. तू गवत पाहिलेलं नाहीस, गेममधलं गवत पाहिलंयस. त्या गेमच्या चित्रकारांनी उघड्यावर बसून रंगवलेल्या निसर्गचित्रांचा रंग पडद्यावर आणायचा प्रयत्न केला, आणि तू त्यांचा पडदा रंगवतोयस. म्हणजे रंग तिसऱ्या हाताचा झाला. नोव्हेंबरात संध्याकाळी पाचला वेताळ टेकडीवर जा, जुन्या खाणीच्या बाजूला. उन्हाकडे तोंड करून बस. कुसळी गवत असतं तिथे, ज्याची कुसळं मोज्यात अडकून घरापर्यंत येतात. मागून ऊन आलं की ते पिवळं दिसतच नाही. शेंड्यांना गुलाबी-तांबूस झाक, मधे राखट, बुडाशी अजून ओला हिरवा. वारा आला की आधी शेंडे हलतात, रंग एका पट्ट्यात बदलत जातो, तो पट्टा टेकडीवरून खाली उतरतो. मी बर्न्ट सिएना, पांढरा आणि किंचित क्रिमसन मिसळून त्या शेंड्यांच्या जवळ जाते. पूर्ण कधीच पोचले नाही.

रंग कुठले, असं विचारशील. पोस्टर कलरही चालतील सुरुवातीला, शाळेतले कॅमलचे असतील घरात. गुवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, घेतलेस तर उत्तम, आणि कागद जाड, तीनशे जीएसएमचा. अप्पा बळवंत चौकात सुटा ताव मिळतो, त्याचे आठ तुकडे कर. एक गोष्ट आधीच माहीत असू दे: गुवाशमध्ये फिकट रंग वाळल्यावर जरा गडद होतो आणि गडद रंग जरा फिकट. त्यामुळे टेकडीवर जे बरोबर वाटलं ते घरी चुकलेलं दिसतं. कागदाच्या कडेला प्रत्येक रंगाचा ठिपका दे, वाळू दे, मग हात घाल. अर्ध्या तासाच्या वर एका चित्रावर बसू नकोस, ऊन बदलतं. आणि हे सगळं करायला टॅबलेट लागत नाही. नंतर संगणकावर काढणार असशील तर क्रिता हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आपल्या कामाला पुरून उरतं.

टेकडीवरून आणलेले हे तुकडे समोर ठेवायचे, गेम बंद करायची आणि हायरूलचं, म्हणजे गेममधल्या त्या राज्याचं, चित्र आठवणीने काढायचं. एलिमेंटरीची परीक्षा दिली असशील तर स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. तेव्हा आपण सगळ्यांनी बसस्टॉप आणि भाजीमंडई काढून वेळ मारून नेली, पण त्या पेपरमागची अक्कल मोठी होती. समोर काही नसलं की हात फक्त मनात राहिलेलंच काढतो. गेममधलं जे विसरायचं ते गळून पडतं, आणि त्या रिकाम्या जागी टेकडीचं गवत येऊन बसतं. स्क्रीनशॉट उघडायचा तो सगळ्यात शेवटी, पट्ट्याची बकल कुठल्या बाजूला आहे असले तपशील तपासायला.

ते तपासायचं मात्र विसरायचं नाही, आणि हे मी अनुभवाने सांगतेय. 'ओकारिना ऑफ टाइम'वरचं एक मोठं चित्र मी केलं होतं, १९९८ सालची ती गेम, हिरव्या टोपीतला लिंक. रचना डावीकडे जड वाटली म्हणून शेवटच्या रात्री सगळं चित्र आडवं उलटवलं. छान बसलं. छापलं. स्टॉलवर एक दहा-अकरा वर्षांची मुलगी आली, बराच वेळ बघत राहिली आणि आईला म्हणाली, "पण लिंक तर डावखुरा असतो ना?" मी स्वतः डावखुरी आहे! लहानपणी जेवताना मार खाल्लाय त्यासाठी. आणि माझ्या लाडक्या डावखुऱ्याला मीच उजवा केला होता. 'ट्वायलाइट प्रिन्सेस'च्या वी यंत्रावरच्या आवृत्तीत निन्टेन्डोनेच, म्हणजे झेल्डा बनवणाऱ्या कंपनीनेच, अख्खी गेम आरशासारखी उलटवली, म्हणून तिथला लिंक उजव्या हाताचा. 'स्कायवर्ड स्वोर्ड'मध्ये आणि तुझ्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्येही तो उजवाच. पण 'ओकारिना'तला डावखुरा म्हणजे डावखुराच. त्या मुलीला मी ती प्रिंट फुकट दिली, घेताना तिने मागच्या बाजूला माझी चूक आणि तिची दुरुस्ती लिहून मागितली.

तुझ्या तिसऱ्या चित्राबद्दल. लिंकला फेटा बांधलास, कपाळाला चंद्रकोर लावलीस, मागे गडाचा दरवाजा. तुला वाटलं असेल की ताईला हे आवडेल. मला ते सगळ्यात कमी आवडलं. फेटा बांधल्याने कोणी इथला होत नाही. लग्नातल्या फोटोग्राफरकडेही फेट्यांचं कपाट असतं. विचार असा कर: हा पोरगा पावसात कडे चढतो, रानात शिजवून खातो, झाडं तोडतो, उंचावरून कापडाच्या छत्रीला लटकून खाली उतरतो. असं आयुष्य मावळात, मुळशीत, वेल्ह्याकडे जो जगतो त्याच्या अंगावर काय असतं? घोंगडीची खोळ. कमरेला मागे लाकडी आकडीत अडकवलेला कोयता. भातलावणीच्या वेळी डोक्या-पाठीवर इरलं, बांबूच्या कामट्या आणि पानांचं. माझ्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थिनीने लिंकचं पॅराग्लायडर इरल्याचं केलं. दोन हातांनी कामट्या धरून पोरगा खोऱ्यावर तरंगतोय, आणि वाऱ्याने दोन-तीन पानं सुटून मागे राहिलीयत. तिची आजी मुळशीकडची. त्या सुटलेल्या पानांसाठी मी तिला काहीही माफ केलं असतं, अगदी लिंकचे पाय आखूड झाले होते तेही.

मात्र एका चित्रात एकच गोष्ट बदल. इरलं केलंस तर अंगरखा, कान, केस, तलवारीच्या मुठीचे पंख तसेच राहू देत. काळ्या शाईने नुसती सावली भरून बघ. सावलीवरून लिंक ओळखू आला पाहिजे. सगळंच बदललंस तर तो कोणीतरी दुसराच मुलगा होईल. तेही वाईट नाही, पण मग त्याला नाव दे आणि स्वतःची गोष्ट लिही. (आणि लिंकलाच झेल्डा म्हणणारं कोणी भेटलं तर सांग, तो झेल्डा नाही. झेल्डा राजकन्येचं नाव आहे. हा खुलासा मी इतक्या वेळा केलाय की आता पाटीच लावणार आहे.)

रचनेबद्दल एकच सांगते, कारण ते तुझ्या कड्यावरच्या उभं राहण्याशी जोडलेलं आहे. या गेमच्या लोकांनी २०१७ मध्येच जपानच्या एका परिषदेत आपली युक्ती उघड केली होती: डोंगर, टेकाडं, अगदी दगडसुद्धा त्रिकोणाच्या हिशोबाने ठेवले. त्रिकोण पलीकडचं झाकतो. मग खेळणाऱ्याला ठरवावं लागतं, चढून जायचं की वळसा घालायचा, आणि दोन्हीकडून काहीतरी नवीन थोडंथोडं दिसत जातं. तू कड्याच्या टोकावर उभा राहून सगळं एकदम दाखवतोस, म्हणून बघणाऱ्याला तुझ्या चित्रात करायला काही उरत नाही.

पण सह्याद्रीत त्रिकोण फारसे नाहीत. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणून तो पायऱ्यांचा आहे: उभा कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. त्रिकोण मागचं झाकतो, आपली पायरी वरचं झाकते. राजगड चढताना पद्मावती माचीवर डोकं वर येईपर्यंत तिथे तळं आहे, देऊळ आहे, याचा पत्ता नसतो. सुवेळा माचीवरचं नेढं आठव, कातळाला आरपार पडलेलं भोक, आत बसलं की वारा कानाशी गर्जतो. लिंकला कड्यावर उभा करण्यापेक्षा नेढ्याच्या आत बसव, खालून बघ, त्याचे फक्त लोंबते पाय आणि आभाळाचा गोल दाखव. किंवा त्याची बोटं नुकती माचीच्या कडेला लागलीयत आणि वर काय आहे ते त्यालाही दिसलेलं नाही. गेममध्ये चढताना दम संपत आल्यावर छातीत जे होतं ते अशा चित्रात येतं.

विकण्याचं बघू. इथे मी वकील नाही, पण स्टॉल लावून बसलेली बाई आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये सवलती आहेत: खासगी वापर, अभ्यास, टीका-समीक्षा, बातमी. फॅन आर्ट असा शब्द त्यात कुठेही नाही. घरात वही भरून काढतोस ते खासगी; प्रिंट विकतोस ते खासगी नाही. लिंक निन्टेन्डोचा आहे, तू त्याला इरलं दिलंस तरी. नाव आणि बोधचिन्ह यांचा ट्रेडमार्क वेगळा. चाहत्यांच्या चित्रांकडे कंपन्या बहुतेक वेळा काणाडोळा करतात, पण काणाडोळा म्हणजे परवानगी नव्हे, आणि निन्टेन्डो या बाबतीत मऊ म्हणून प्रसिद्ध नाही. २०१६ मध्ये चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून केलेली, निन्टेन्डोच्याच मेट्रॉइड मालिकेवरची एक गेम त्यांच्या नोटिशीनंतर काही दिवसांतच उतरवावी लागली होती.

मी काय करते ते सांगते, योग्य-अयोग्य तू ठरव. स्टॉलवर टेबलाचा मोठा भाग माझ्या स्वतःच्या पात्रांचा. गेमचं नाव, बोधचिन्ह, मूळ अक्षरलेखन कुठल्याही प्रिंटवर नाही. अधिकृत असल्याचा आव नाही, उलट पाटीवर स्वच्छ लिहिलेलं असतं की हे चाहतीचं काम आहे. त्याने कायदा बदलत नाही, निदान कोणाची फसवणूक होत नाही. टी-शर्ट छापणारे येतात, "मॅडम, शंभर नग काढू, तुम्हाला टक्केवारी," त्यांना मी चहा पाजून परत पाठवते. आणि पुढे गेम स्टुडिओत काम मागायला जाणार असशील तर पोर्टफोलिओत फॅन आर्टची एक-दोनच पानं ठेव. समोरच्याला तुझं स्वतःचं जग बघायचं असतं, झेल्डा त्यानेही खेळलेली असते.

राहिला तुझा मेलेला निळा. यात तुझी चूक थोडी आणि भौतिकशास्त्राची जास्त. शीकांचं देऊळ जागं झालं की नारिंगीचा निळा होतो, तो निळा पडद्यातून उजेड होऊन येतो. कागद उजेड देत नाही, फक्त परतवतो, आणि छापखान्याच्या चार शायांत तो निळा मुळात बसतच नाही. मी स्वतः असल्याच एका देवळाच्या चाळीस प्रिंट एकदम काढून घेतल्या होत्या, न तपासता. सगळ्या जुन्या जीन्सच्या रंगाच्या आल्या. छापणाऱ्याला बोल लावायचीही सोय नव्हती, फाइल मीच तशी दिली होती. त्यातल्या तीसेक अजून माळ्यावर आहेत.

तेव्हा छापणाऱ्याला आधी विचार की त्याला फाइल कुठल्या रंगपद्धतीत आणि कुठल्या प्रोफाइलची हवी. क्रितात सॉफ्ट प्रूफ म्हणून सोय आहे, ते प्रोफाइल लावून कागदावर काय होणार ते आधीच बघता येतं. बघताना वाईट वाटेल, वाटू दे. मग निळ्याला हात लावू नकोस, त्याच्या शेजाऱ्यांना लाव. आजूबाजूचा दगड करडा-तपकिरी कर, जरा उबदार, जरा काळपट. दिव्याचा गाभा कोराच ठेव, कारण कागदाचा पांढरा हा तुझ्याकडचा सगळ्यात उजळ रंग आहे. निळा फक्त त्याच्या कडेला, बाहेर जाताना विरत गेलेला. आपल्या आजीच्या देवघरातल्या समईकडे बघ, ज्योत पांढरी असते आणि पिवळा असतो तो भिंतीवर.

आणि तुझी फाइल मोबाइलच्या पोस्टच्या मापाची आहे, म्हणून कडा फुटल्यात. ए फोर कागदाला तीनशे डीपीआयने, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. नवीन चित्र त्या मापावर सुरू कर, जुनं ताणू नकोस. छापण्याआधी चित्राचा सगळ्यात अवघड चार बोटांचा तुकडा, म्हणजे निळा, गवत आणि लिंकचा चेहरा येईल असा, एका ए फोरवर सहा वेळा बसव, प्रत्येक वेळी उजेड थोडाथोडा वाढवत. एक पान छापून घे. ते दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघू नकोस, बाहेर फुटपाथवर उन्हात ने आणि सहांपैकी एकावर पेन्सिलीने खूण कर. मग बाकीच्या काढायला सांग, आणि पहिल्यांदा दहाच.